लिव्हर सांभाळायला सांगितलं होतं

“आपको इससे क्या उम्मीद है?” समुपदेशन करणाऱ्या बाईंनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

प्रश्न साधाच होता. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि देवासपासून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावरच्या एका मोठ्या रुग्णालयात बसलो होतो. हिमोफिलियावरच्या जीन थेरपीची चाचणी तिथे चालू होती आणि आपल्याला त्यात घेतील का, हे बघायला मी आलो होतो. नोकरी म्हणाल तर सोया तेलाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. खातेगाव-कन्नोदकडून सोयाबीनचे ट्रक येतात, आम्ही नमुना काढतो, तपासतो आणि आकडा लिहितो. आमच्या फॉर्मवर अपेक्षा नावाचा रकाना नसतो. म्हणून मी बाईंनाच उलट म्हणालो, की आधी नेमकं काय होणार ते सांगा, मग किती उम्मीद धरायची ते ठरवू. त्या हसल्या. बहुतेक लोक ‘ठीक हो जाऊँगा’ एवढंच लिहायला लावतात म्हणे.

ठीक होणं म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यांतला नववा माझ्या शरीरात जन्मापासून तयारच होत नाही. टक्क्यांत मोजायचं तर एकापेक्षाही कमी. लोकांना वाटतं, याला टाचणी लागली की हा संपला. टाचणीनं मला काही होत नाही. खरा त्रास आतला. काही न लागता, न पडता, सकाळी उठावं तर गुडघ्यात रक्त साचलेलं, गुडघा फुगून गरम झालेला, आणि पुढचे आठ दिवस गादीवर. असं शेकडो वेळा झाल्यावर सांधा झिजतो. माझा उजवा गुडघा अर्ध्यापर्यंतच वाकतो आणि डावा घोटा अजिबात वळत नाही. लहानपणी इंदूरला नेऊन प्लाझ्मा चढवायचे. पुढे त्या घटकाची, म्हणजे फॅक्टरची, इंजेक्शनं आली, मग ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली, आणि गेली कित्येक वर्षं बुधवारी आणि रविवारी मी स्वतःच स्वतःच्या शिरेत सुई घालत आलो.

हे सगळं आईकडून आलं. आई धारची. संस्थानच्या काळात तिच्या माहेरचे पुरुष दप्तरात कामाला होते आणि त्या घरात अजूनही जुन्या वळणाचं मराठी बोलतात. वडील मात्र कारखान्याच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले आणि इथलेच होऊन गेले. आईचा थोरला भाऊ नऊ वर्षांचा असताना दात पडला, त्याचं रक्त तीन दिवस थांबलं नाही आणि तो गेला. घरात त्याला दृष्ट लागली असं म्हणत. मी वर्षाचा झालो, रांगताना अंगावर काळेनिळे डाग उठू लागले, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं, की हा दोष बायकांमधून मुलांकडे येतो, बायकांना बहुधा स्वतःला काही होत नाही. आई तेव्हा तेवीस वर्षांची होती. ती रडणाऱ्यांतली नाही. तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं, ते आजतागायत. बर्फ फडक्यात गुंडाळून रात्रंदिवस गुडघ्यावर धरणं, शाळेत मास्तरांना भेटून मला खेळाच्या तासाला वर्गात बसवायला सांगणं, घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला जुन्या साडीची पट्टी शिवणं, सगळं तिनंच केलं.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मी भंडावून सोडलं. त्या बिचाऱ्या कागदावर चित्रं काढून समजावत होत्या. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातलं त्याचं सामान काढून टाकायचं आणि तिथे नवव्या फॅक्टरचा धडधाकट जीन भरायचा. असे अब्जावधी विषाणू सलाइनमधून शिरेत सोडायचे. ते यकृतात जातात, आतल्या पेशींना जीन देतात आणि स्वतः संपतात. मग यकृत फॅक्टर बनवायला लागतं. मला यातली एकेक पायरी बघायची होती. यकृताच्या सगळ्या पेशींत जातो का? नाही, काहींतच. पेशी मेली तर? तिच्याबरोबर जीनही जातो. मग किती वर्षं टिकेल? “अभी तक जितने साल देखा है, उतना पता है,” असं त्या म्हणाल्या, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, कारण एवढं सरळ उत्तर मी आमच्या सप्लायरकडूनही कधी ऐकलेलं नाही.

बाकीची उत्तरं अशी होती. झिजलेला गुडघा झिजलेलाच राहील. फॅक्टर किती वाढेल ते माणसागणिक वेगळं असतं, कुणाचा भरपूर वाढतो, कुणाचा जेमतेम. काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं. दारू बंद, जी मी पीत नव्हतोच. काही महिने निरोध वापरायचा, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की शेजारी बसलेली माझी बायको एकदम पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. आणि माझ्या मुलीच्या अंगातला दोष तसाच राहील. ती चौदा वर्षांची आहे. माझ्यातला बिघडलेला जीन तिच्याकडे जन्मतःच गेलेला आहे आणि ही थेरपी फक्त माझ्या यकृतापुरती आहे, पुढच्या पिढीला ती शिवत नाही. हे उत्तर मात्र मला आवडलं नाही. मी ते दोनदा विचारून घेतलं.

सगळ्यांत महत्त्वाचं त्यांनी शेवटी सांगितलं. हे एकदाच करता येतं. एकदा दिलं की शरीर त्या विषाणूला कायमचं ओळखतं आणि दुसऱ्यांदा आत येऊ देत नाही. आणि शरीरानं जर नव्या जीनच्या पेशींवरच हल्ला केला, तर यकृताचे एन्झाइम वाढतात, फॅक्टर घसरतो, आणि वेळेवर स्टेरॉइड देऊन आवरलं नाही तर मिळालेलं सगळं जातं. परत मिळत नाही.

माझ्या रक्तात त्या विषाणूच्या अँटिबॉडी नव्हत्या, लहानपणीच्या प्लाझ्मातून कावीळही आलेली नव्हती, यकृत उत्तम होतं. मला घेतलं.

प्रत्यक्ष दिवस अगदीच निरुत्साही निघाला. एक पिशवी, एक नळी, दीडेक तास. मी डोळे फाडून थेंब बघत होतो आणि पिशवीतल्या त्या पाण्यासारख्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं. आई आणि बायको दोघी आल्या होत्या. पिशवी काढली तेव्हा आईनं विचारलं, “झालं? एवढंच?” तिचा चेहरा पडला होता. त्रेचाळीस वर्षं जिनं खपून काढली, तिला या कामात हात लावायला कुठे जागाच नव्हती. डॉक्टरीणबाईंना बहुधा ते दिसलं असावं. त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, “माताजी, अब इनका लिवर संभालना है. नया जीन वहीं रहेगा.” आईनं मान डोलावली. तिला मान डोलावताना मी पाहिलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं.

तिथल्या नर्सकडे प्रश्नांची एक यादी असायची. ताप? उलटी? कुठे सूज? आणि शेवटी, “कोई और दवा ले रहे हैं? आयुर्वेदिक, होमियोपैथिक, घर का नुस्खा?” मी म्हणायचो, कुछ नहीं. देवासला परत आल्यावर दर मंगळवारी इंदूरला जाऊन रक्त द्यायचो आणि डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा, तेव्हाही हाच प्रश्न, हेच उत्तर.

तिसऱ्या आठवड्यात माझा फॅक्टर अठरा टक्के होता. सहाव्या आठवड्यात चौतीस. हा आकडा मी दोनदा वाचला, मग लॅबमधल्या सहकाऱ्याला वाचायला लावला. तो म्हणाला, “भिया, इसमें मिठाई बनती है.” इंजेक्शनं बंद झाली होती. बुधवारी सकाळी हात आपोआप फ्रिजकडे जायचा आणि मी तिथेच उभा राहायचो. मग मी प्रयोग सुरू केले. ट्रकचा नमुना काढताना कोपर दांड्यावर आपटलं, तर बर्फ लावला नाही. घरी येऊन शिंप्याच्या टेपनं दर तासाला कोपराचा घेर मोजला आणि वहीत लिहिला. वाढला नाही. वाढला नाही हे बघत बसणं इतकं मजेचं होतं की बायको म्हणाली, “अहो, आता मुद्दाम धडपडू नका.” मुलगी विचारायची, “बाबा, मग तुम्ही आता हिमोफिलियावाले आहात की नाही?” मी म्हणायचो, चौतीस टक्के नाही. तिला ते गणित पटायचं नाही, आणि खरं तर ते बरोबरही नव्हतं.

नवव्या आठवड्यात यकृताचे एन्झाइम तिप्पट आले. फॅक्टर एकवीस.

डॉक्टरीणबाई फोनवर शांत होत्या. असं होतं, याचीच वाट बघत होतो, आजच स्टेरॉइड सुरू करा. केलं. स्टेरॉइडनं भूक राक्षसासारखी लागते, तोंड सुजतं आणि माणूस चिडका होतो. मी मुळातच चिडका, त्यामुळे घरात आणि लॅबमध्ये सगळ्यांची पंचाईत झाली. एरवी स्टेरॉइडनं दोन आठवड्यांत एन्झाइम उतरू लागतात. माझे चढतच राहिले. फॅक्टर चौदावर आला. आयुष्यात मी रक्तस्रावाला कधी घाबरलो नव्हतो, ते रोजचंच होतं. आता मात्र मला भीती वाटायला लागली.

आमच्या लॅबमध्ये एखादी बॅच नापास झाली की एक रीत आहे. मशीनला दोष द्यायचा नाही. आधी कागद घ्यायचा आणि त्या बॅचच्या वाटेला जे जे आलं ते सगळं लिहायचं, कितीही क्षुल्लक असो. कुठलं पिंप, कुठली नळी, फरशी कशानं पुसली. एका रविवारी मी स्वतःच्या बाबतीत हेच केलं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते एका पानावर उतरवलं आणि पान मुलीच्या हातात दिलं. म्हटलं, तू मोठ्यानं वाच, मी ऐकतो. स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचलं की डोळे पुढे पळतात.

ती हिंदी शाळेतली. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते, त्यातून माझं अक्षर. एकेक शब्द बोट ठेवून वाचत होती. “सहा वाजता पाणी. साडेसहा, का... काढा. सात, चहा, दोन टोस्ट.” आणि ती थांबली. “बाबा, ह्या काढ्यात काय असतं?”

“गुळवेल,” मी म्हणालो. “पुढे वाच.”

“मतलब गिलोय?” तिनं फोन उचलला. मिनिटभरानं म्हणाली, “बाबा, हे बघा ना. इथे लिवर लिहिलंय.”

मी तिच्यावर खेकसलो. फोनवर कुणीही काहीही लिहितं, वगैरे. माळव्यात करोनाच्या दिवसांत घराघरात गुळवेल उकळत होती. आमच्याकडे ती तेव्हा आली आणि मग गेलीच नाही. धारला धाकट्या मामाच्या अंगणात कडुनिंबावर तिचा वेल चढला आहे, आणि कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी असं मानतात. मामा महिन्याला एक जुडी पाठवतो. आई सकाळी तिचे दोन तुकडे ठेचून उकळते आणि आम्ही पितो. ते औषध आहे, असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. दात घासणं जसं सकाळचं, तसा काढा सकाळचा. आणि मी रसायनशास्त्राचा पदवीधर. नर्सनं ‘घर का नुस्खा’ असं स्वच्छ विचारलं होतं, आणि मी इतक्या आठवड्यांत एकदाही चाचरलो नव्हतो.

सोमवारी फोन केला. काढ्याचं सांगितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कब से?”

“पाँच साल से.”

“मैंने हर हफ़्ते पूछा था.”

“आपने दवा पूछी थी, मैडम,” मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी समजावून सांगितलं, की गुळवेलीनं काही जणांच्या यकृताला सूज येते, शिवाय ती शरीराची प्रतिकारशक्ती चाळवते, आणि आपण स्टेरॉइड देऊन नेमकी तीच झोपवायला बघतोय. आजपासून बंद. पण पाच वर्षं चालत होता तर आताच का बाधला, हे त्यांनाही कळेना. मला ते त्याच संध्याकाळी कळलं. मी आईला सहज विचारल्यासारखं केलं, “काढा हल्ली फार कडू लागतो गं.”

“लागणारच,” आई म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. “तिथून आल्यापासून चौपट घालते. शिवाय संध्याकाळी दुधातही थोडी पूड. त्या बाईंनी सांगितलं ना, लिव्हर सांभाळायचं म्हणून. लिव्हरला हिच्यासारखं दुसरं काही नाही.”

बायकोचं मत पडलं, की त्यांना सांगू नका, गुपचूप ओतून द्या. चार दिवस मी सकाळचा काढा बेसिनमध्ये ओतला आणि संध्याकाळचं दूध नको म्हणालो. पाचव्या दिवशी आई मागे उभी होती. “कडू लागतं म्हणून टाकतोस होय?” ती म्हणाली. “मला सांगायचंस. गूळ घातला असता.”

मग मी सगळं सांगितलं. विचारलं तेव्हा मीच नाही म्हणालो, चूक माझी आहे, हे तीन-तीनदा सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “बरं,” एवढंच म्हणाली, आणि गॅस बंद केला.

त्या दिवसापासून तिनं स्वयंपाक सोडला. तिनं तसं बोलून दाखवलं नाही. सुनेला म्हणायची, तूच कर, मला हल्ली उभं राहवत नाही. माझ्या ताटात मीठसुद्धा वाढायची नाही. मी पाणी मागितलं तर मुलीला हाक मारायची. हे मला सुयांपेक्षा जास्त टोचत होतं, आणि मी पुन्हा सगळ्यांवर चिडत होतो, फक्त तिच्यावर चिडता येत नव्हतं.

एन्झाइम उतरले. तीन आठवड्यांत निम्मे, सहा आठवड्यांत जिथल्या तिथे. स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. फॅक्टर घसरायचा थांबला तो अकरावर. पुढच्या मंगळवारी अकरा, त्याच्या पुढच्याही मंगळवारी अकरा. डॉक्टरीणबाई खूश होत्या. अकरा म्हणजे आपोआप रक्तस्राव होणार नाही, बुधवार-रविवारची सुई लागणार नाही. ऑपरेशन किंवा मोठी जखम झाली तरच फॅक्टर घ्यावा लागेल. मी चौतीसबद्दल विचारलं. काढा नसता तर चौतीस टिकला असता का?

“नहीं कह सकती,” त्या फोनवर म्हणाल्या. “हो सकता है टिकता. हो सकता है आपका शरीर वैसे भी यही करता. सच में नहीं पता.”

मला हे समजायला हवं होतं. नवा जीन आणि चौपट काढा, दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की बॅच कशानं सुधारली किंवा बिघडली, हे कुणालाच सांगता येत नाही. वीस वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवत आलोय.

इंदूरहून बसनं घरी आलो तेव्हा आई पुढच्या खोलीत परातीत हरभरे सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “काय म्हणाल्या बाई?”

आजवर मी कुठल्याही रिपोर्टवर दशांशाच्या पुढचा आकडासुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. मी चपला काढत म्हणालो, “म्हणाल्या, काढ्याचा काही संबंध नाही. हे असंच होणार होतं.”

आईनं हात थांबवले.

“लहानपणी सुई टोचली की तू ‘दुखत नाही’ म्हणायचास,” ती म्हणाली. “तेव्हाही असाच दुसरीकडे बघायचास.”

मग ती परात बाजूला सारून, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला. सात-आठ आठवड्यांत पहिल्यांदा तिनं माझ्यासाठी चहा टाकला होता. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, “आलं नाही हं घातलं.”